अप्पा, त्या उन्हाळ्यात अंडी का तडकली

अप्पा, तुम्हाला बसवून ठेवलं होतं. तुमच्या लोकांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, हे मला ठाऊक होतं. तरी ओसरीवर पाय ठेवला आणि तुम्ही समोर मांडी घालून बसलेले दिसलात, कपाळावर भस्माचे पट्टे, मान जराशी कललेली, तेव्हा वाटलं आता विचारणार. 'गयाबाई, सुचलं का काही?' असंच विचारणार. नांदेडहून निलंग्यापर्यंत एसटीत बसून मी उत्तर जुळवत आले होते. तुम्ही विचारलं नाही. मीही बोलले नाही. हार घालायला रांग होती. मी घातला, मागचीनं ढकललं, मी पुढं सरकले.

तीस वर्षं तुम्ही मला एकच प्रश्न विचारत राहिलात आणि तीस वर्षं मी 'काय की अप्पा' म्हणत राहिले. उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आज अकरावा दिवस. नातीची वही आणि पेन्सिल घेऊन बसले आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेवढ्यात मावेल तेवढं लिहिते. माझी लेक सुनंदा म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं. चांगलं लिहीनच. पण तुमचं कुठं चुकलं तेही लिहिणार. आपण दोघं तोंडावर बोलणारी माणसं होतो, एवढी एक गोष्ट सोडून.

जिल्हा नवा होता तेव्हा. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून लातुरात पेढे वाटले होते, आणि त्या पेढ्यांची चव जाते न जाते तोच पावसानं पाठ फिरवली. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या कोऱ्या आणि पाट्यांखाली घागरींची रांग. माझा नवरा गावाकडं तलावाच्या कामावर खडी फोडत होता. मीही फोडली होती. तिथून उठून मी तुमच्या कारखान्यात आले.

औद्योगिक वसाहतीच्या टोकाला तो लशीचा कारखाना. लोक त्याला अंड्याचा कारखाना म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. कोंबड्यांच्या मानमोडीवरची लस तिथं तयार व्हायची आणि ती अंड्यात वाढायची. अंडी यायची, निवडायची, उबेच्या यंत्रात ठेवायची, मग सुईनं टोचून आत रोगाचं बी सोडायचं, पुन्हा ऊब द्यायची, मग आतला रस काढायचा, वाळवायचा, बाटलीत भरायचा. मला हे सगळं पाच-सहा महिन्यांनी कळलं. आधी वाटायचं हे लोक कोंबडीला पोरं न होऊ देता कसली विद्या करतात.

पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला रांगेत उभं केलंत. मॅनेजर म्हणजे जाडा, चष्म्याचा, मोठ्या वयाचा असणार असं मला वाटलं होतं. तुम्ही बारीक, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकलेले. म्हणालात, "बायांनो, खडीच्या कामावर तुम्ही दगड फोडला, दगड काही मेला न्हाई. इथं माल जिवंत हाय. लाईट गेली की गिरणी थांबते. आपल्यात लाईट गेली की माल मरतो. जिला काही वेगळं दिसंल तिनं वरडायचं. साहेब रागावंल म्हणून गप बसायचं न्हाई."

माझ्या मागं कासाबाई उभी होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "आन वरडल्यावर साहेब रागावला तर?"

"तर साहेबावर वरडायचं," तुम्ही म्हणालात.

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मी तुमच्याकडं बघत होते, हा माणूस थट्टा करतो की खरं बोलतो ते. खरं बोलत होतात. ते तुमचं दुखणंच होतं.

मला लिहिता-वाचता येतं म्हणून तुम्ही दिव्यापुढं बसवलंत. काळ्या पडद्याची खोली, पत्र्याच्या डब्यात बल्ब, डब्याला अंड्याएवढं भोक. अंडं भोकावर धरायचं आणि हळूहळू फिरवायचं. बाहेर उजेडात जी चीर दिसत नाही ती तिथं केसासारखी चमकून दिसते. तसल्या अंड्यातून घाण आत शिरते आणि एक अंडं अख्खा ट्रे नासवतं. म्हणून चीर दिसली की पेन्सिलनं फुली मारायची. फुलीचं अंडं बादलीत.

सुरुवातीला सुपरवायझर जाधव आमच्या फुल्या थुंकी लावून अंगठ्यानं पुसायचा. त्याला आकडा भरायचा असायचा. त्यापायी एकदा सगळा माल नासला, तीन दिवस कारखान्यात नाक धरून वावरावं लागलं. तुम्ही जाधवला काढलं नाहीत. सगळ्यांसमोर त्याला पेन्सिल दाखवलीत आणि म्हणालात, "आजपासून फुली जिनं मारली तीच खोडंल. जाधव न्हाई, मी न्हाई, मालक आला तरी न्हाई."

खडीच्या कामावर मी दिवसभर वाहिलेल्या टोपल्या मुकादम म्हणेल तेवढ्याच असायच्या. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं कोणी खरं मानलं, असं आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा झालं. तुमचे उपकार मोजायचे झाले तर मी इथून सुरू करीन.

आता तुमचं चुकलं ते.

तुम्ही अंडं खायचा नाहीत. तुमच्या घरात ते चालत नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय वहिनी तुम्हाला चुलीकडं येऊ द्यायच्या नाहीत, हे तुम्हीच हसत सांगायचा. कासाबाई तुम्हाला म्हणायची, "अप्पा, दिवसभर अंड्यात आन तोंडाला अंडं न्हाई. वाढप्या उपाशी तशी गत हाय तुमची." तुम्ही म्हणायचा, "कासाबाई, मला त्यात खायचं काही दिसतच न्हाई बघा. मला भांडं दिसतं. लस वाढायचं भांडं."

ते वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. नंतर रोज आठवलं.

तडकलेली अंडी चुना टाकून खड्ड्यात पुरायची पद्धत होती. कासाबाईनंच विचारलं, ताजी तर आहेत, पुरायची कशाला. तुम्ही क्षणभर विचार केला आणि म्हणालात, "यंत्रात न गेलेलं, न टोचलेलं अंडं न्यायचं असंल तर न्या. पण टोचलेल्याला हात लावला तर माझ्यापेक्षा वाईट कोणी न्हाई." टोचलेल्याला आम्ही कधी हात लावला नाही. हे मात्र शपथेवर सांगते.

तर असे तुमचे दोन नियम. बाईनं मारलेली फुली कोणी तपासायची नाही. आणि फुलीचं अंडं बाईनं घरी न्यायचं. दोन्ही चांगल्या मनानं केलेले. एकेकटे ठेवले असते तर आजही नाव घेतलं असतं. दोन्ही एका खोलीत ठेवलेत, तिथं तुम्ही चुकलात. परभणीला एवढी बुकं वाचलीत, त्यात हे कुठं नव्हतं का?

तो दुसरा उन्हाळा. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. कारखान्याला टँकरचं पाणी यायचं, ते उकळून, गाळून वापरायचं, आणि भांडी धुऊन उरलेलं पाणी तुम्ही आम्हाला घरी न्यायला द्यायचा. सुनंदा सात वर्षांची. तिचे केस तांबूस पडायला लागले होते आणि पोट पुढं आलं होतं. सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणाली, "बाई, हिला दूध द्या, अंडी द्या." घरात ज्वारीच्या कण्या होत्या, त्याही मोजून.

दुसऱ्या दिवशी एकही अंडं तडकलेलं निघालं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत एकही नाही. शेवटचा ट्रे राहिला. त्यातलं एक अंडं मी भोकावर धरलं. धड होतं. फिरवलं, आतला बलक सावकाश हलला. इतकं सुंदर अंडं मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी फुली मारली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे अप्पा. अंडी तडकलीच नव्हती.

तीन-चार दिवसांनी कासाबाईनं माझ्या बादलीतलं एक अंडं उचललं, दिव्यावर धरलं, फिरवलं. परत ठेवलं. एरवी जिचं तोंड बंद राहत नव्हतं ती त्या खोलीत तेवढ्यापुरती मुकी झाली. संध्याकाळी तिच्याही बादलीत जास्तीची अंडी होती. मग बाकीच्या तिघींच्या. आधी घरटी एक, मग दोन, मग शेजारच्या बाळंतिणीला, मग तिच्या सासूला. आम्ही पाचजणी यावर कधी एक शब्द बोललो नाही. आज आमच्यातल्या तिघी गेल्या, तरी नाही.

महिन्याभरात सुनंदाच्या तोंडावर तजेला आला. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला.

आणि तुम्ही शोध लावायला निघालात. तुमचा पहिला अंदाज रस्ता. अंडी उदगीरकडून टेम्पोत यायची. एक दिवस तुम्ही पहाटे निघून टेम्पोच्या मागच्या बाजूला बसून आलात, मांडीवर ट्रे. फाटकात उतरलात तेव्हा पापण्यांवर धूळ होती. "नळेगावच्या पुढं तीन खड्डे हायेत," तुम्ही जाधवला सांगत होतात, "तिथं ट्रे हातावर उचलून धरला. आज एकबी तडकलं नसंल." ते ट्रे तुम्ही स्वतः आमच्या खोलीपर्यंत आणलेत. अंडी मोजताना तुम्ही कानडीत मोजायचा, आईनं शिकवल्यासारखं, ओंदु, एरडु, मूरु. मोजून माझ्या हातात दिलीत आणि पडद्याबाहेर उभे राहिलात.

त्यातल्या अठरांवर आम्ही फुल्या मारल्या.

मी बादली घेऊन बाहेर आले. तुम्ही बादलीत बघितलंत. मला वाटलं आता एक अंडं उचलणार. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "अय्यो, मग खड्डे न्हाईत. कवचातच दोष हाय. पाण्यानं केलं असंल." दुसऱ्या दिवसापासून उदगीरकडच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा सुरू झाला.

त्या अठरातली चार मी नेली. एक गोष्ट कबूल करते, त्या दिवशीची अंडी मला गिळवली नाहीत. पोरीला घातली.

जाधव काही साधा नव्हता. ज्यानं स्वतः फुल्या पुसल्या त्याला फुल्यांतलं कळतं. पॅकिंगच्या खोलीत तो तुम्हाला म्हणाला, "अप्पा, एकदा बादलीतली अंडी दिव्यावर धरू. दोन मिनिटांचं काम हाय."

मी बादली हातात घेऊन दारात उभी होते. बादलीत अकरा अंडी. अकराही धड.

तुम्ही म्हणालात, "जाधव, तू फुल्या पुसल्यास तवा किती माल गेला? आज मी बादली उचकटली की उद्या बाया भिऊन सगळीच अंडी पास करतील. मग चीर दिसंल, पण सांगणार कोण? मला शंभर अंडी गेलेली चालतील. बाईचं वरडणं गेलेलं चालणार न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणालात, "जा गयाबाई, उशीर झाला तुम्हाला."

मी गेले. दोन मिनिटांचं काम होतं, अप्पा.

पुढं मानमोडी पसरली. नव्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कचेरीनं पहिल्यांदाच एवढी लस मागवली होती. किती बाटल्या, कुठल्या तारखेला, कुठल्या तालुक्याला, सगळं ठरलेलं. बाटल्या मोजल्या तर चौथा हिस्सा कमी. सगळा दोष माझ्या पेन्सिलीचा नव्हता. मध्ये दोन दिवस लाईट गेली होती आणि यंत्रातला एक खण थंड पडला होता. पण ते तुम्ही कागदावर लिहून ठेवलं होतं. राहिलेल्या तुटीपुढं तुम्ही लिहिलं होतं, कारण समजले नाही. मी वाचलं ते. चौथी शिकलेलीला तेवढं वाचता येतं.

मालक गाडीनं आले. आम्ही बाटल्यांना झाकणं लावत होतो. मालक लोक आमच्यासमोर बोलतात, आम्ही तिथं नसल्यासारखं.

"रस जरा पातळ करा," ते म्हणाले. "चारच्या पाच बाटल्या. कोंबडीला काय कळतं?"

"कोंबडीला न्हाई कळत," तुम्ही म्हणालात. "कोंबडीवालीला कळतं. लस न्हाई मिळाली तर ती भिऊन राहते, कोंबडी टोपल्याखाली डालून ठेवते. पातळ लस दिली तर ती निर्धास्त होते, आन कोंबडी मरते. मी पातळ करणार न्हाई. आहे तेवढी धड लस जाईल. कमी हाय असं कळवून जाईल."

"मग चौथा हिस्सा गेला कुठं ते सांगा."

"ठाऊक न्हाई. जबाबदारी माझी."

मालक आमच्याकडं बघून म्हणाले, "बायांनी चोरली असतील अंडी."

तुमचा आवाज चढलेला मी तेवढ्या एकाच वेळी ऐकला. "माझ्या बाया चोर न्हाईत."

अप्पा, तेव्हा बोलायची वेळ होती. तुम्हीच सांगितलं होतं, वेगळं दिसलं की ओरडायचं. कासाबाई माझ्याकडं बघत होती. मी झाकणं लावत राहिले. एक झाकण तिरकं बसलं, ते काढून पुन्हा लावलं. बोलले असते तर आम्ही पाचजणी गेलो असतो आणि तुम्ही राहिला असता. नाही बोलले, तुमची नोकरी गेली आणि आम्ही राहिलो. मला कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. मी निवडलं. तुम्हाला कुठंही नोकरी लागेल, आम्हाला खडी आहे, असं मनाशी म्हणाले आणि निवडलं.

तुम्हाला कुठंही नोकरी लागली नाही. तुटीचं कारण न सांगता आलेला मॅनेजर, असं नाव आधीच पुढं गेलं होतं. तुम्ही लातूरचं भाड्याचं घर सोडून निलंग्याला गेलात आणि जनावरांच्या औषधांचं दुकान टाकलंत.

लस ज्या गावांना पुरली नाही त्यांत औशाकडचं माझ्या बहिणीचं गाव होतं. तिच्या अंगणातल्या कोंबड्या एका आठवड्यात माना मोडून पडल्या. ती मला म्हणाली, "तुज्याच कारखान्यातली लस, आन आमालाच न्हाई मिळाली." मी तिला काय सांगणार होते? तिच्या पोरांचं अंडं माझ्या पोरीनं खाल्लं, असं?

तुमच्या जागी पुण्याचा मॅनेजर आला. फुलीवर सुपरवायझरची सही लागायला लागली आणि तडकलेली अंडी आमच्यादेखत काठीनं फोडून खड्ड्यात जायला लागली. अंडी तडकायची थांबली. ही बातमी तुमच्या दुकानापर्यंत पोचली. मी वर्षानं भेटले तेव्हा तुमचा चेहरा उजळला होता. "बघा गयाबाई, शिंपल्याचा चुरा लागू पडला. जरा उशिरा पडला, पण पडला."

हसू येतं मला अजून.

सुनंदाला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मी तिच्याबरोबर नांदेडला आले. तुम्ही आणि वहिनी दरवर्षी माहूरला देवीला जाताना आमच्याकडं उतरायचा. पहिल्या वर्षी सुनंदानं चहा आणला तेव्हा वहिनी कपाकडं बघत राहिल्या, आमच्या घरचा कप म्हणून. तुम्ही तोवर निम्मा पिऊन टाकला होता. पुढच्या वर्षापासून त्याही प्यायला लागल्या. आणि चहा संपला की तुमचं सुरू. "गयाबाई, मी परत विचार केला. ट्रे पुठ्ठ्याचे होते. उन्हानं पुठ्ठा आवळला असंल का?" एका वर्षी कोंबड्यांचं वय. एका वर्षी विहिरीतलं मचूळ पाणी. मी म्हणायची, काय की अप्पा. तुमच्यासमोर सुनंदा बसलेली असायची, दंडानं भरलेली, डोक्यावर काळे दाट केस. तुमचं सगळं उत्तर तुमच्यापुढं चहाची कपबशी उचलत होतं.

एकदा मी प्रयत्न केला होता. आठवतो? दारात चपला घालताना. "अप्पा, समजा अंडी तडकलीच नसतील तर?"

"मग फुल्या?"

"समजा बायांनी उगीच मारल्या."

तुम्ही खळखळून हसलात. "कशापायी? एवढी अंडी घेऊन करायचं काय त्यांनी?"

तुम्ही ढोंग करत नव्हतात. मी तुमचे डोळे बघितले. तुम्हाला खरोखर सुचत नव्हतं. आमची तहान तुम्हाला दिसली, पाणी दिलंत. माझा नवरा आजारी पडला तेव्हा जीपनं दवाखान्यात नेलंत. पण अंडं समोर ठेवलं की तुम्हाला भांडं दिसायचं. माझ्या पोरीला घास दिसायचा. रस्ता, पाणी, पुठ्ठा, शिंपले, सगळं तपासलंत, आणि आम्ही काय खातो एवढं एक विचारलं नाहीत. त्या दिवशी मला तुमचा राग आला. ज्याला मी फसवलं त्याचाच राग आला. अजून पुरता गेलेला नाही. इतकं चांगलं असू नये माणसानं, की दुसऱ्याला खरं बोलायला जागाच राहू नये.

निलंग्याला तुम्हाला समाधी देऊन माणसं परतली. वहिनी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात दवाखान्यात पुतण्याला अंड्याच्या कवचाचं समजावून सांगत होते. धाप लागली तरी सांगत होते." मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वहिनी, अंडी तडकली नव्हती. आम्ही खाल्ली."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रडून डोळे सुजलेले, पण नजर अगदी कोरडी.

"मग मला कशाला सांगताव?" त्या म्हणाल्या. "मी काय करू त्याचं? त्या अंड्यांपायी मी लातूर सोडलं. पोराची शाळा सोडवली. जन्मभर हा माणूस रात्रंदिवस तेच घोळत बसला. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं न्हाई, आन आता माझ्या पदरात टाकून तुम्ही मोकळ्या व्हताव?"

बरोबर बोलल्या. मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "पोरगी जगली ना तुमची?"

"जगली."

"मग जावा," त्या म्हणाल्या. माफ केलं की हाकललं, ते मला कळलं नाही. एसटीत बसून तेच उलटसुलट करत आले. अजून करते आहे. या अकरा दिवसांत एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते, अर्धी टाकून उठते. सुनंदानं काल विचारलं, आई, तुला होतंय काय? मी तिला सगळं सांगितलं. तिनं मी टाकलेली भाजी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "मला आठवतात ती अंडी. तू सांगायचीस अप्पांनी दिली."

तसंच सांगत होते मी तिला. घरात तुमचं नाव घेऊनच ती अंडी फुटायची.

माफी मागत नाही, अप्पा. तसलाच उन्हाळा आला आणि तसलीच पोरगी समोर असली तर मी पुन्हा फुली मारीन. पण तो ट्रे तुम्ही उदगीरपासून मांडीवर धरून आणलेला असेल तर नाही मारणार. आणि मालकापुढं झाकणं लावत बसणार नाही. एवढा फरक पडायला मला तीस वर्षं लागली.

फुली जिनं मारली तीच खोडेल, हा तुमचा नियम होता. जाधवला ती खोडता येत नव्हती, मालकाला नाही, तुम्हालाही नाही. एकटी मीच होते. तुम्ही दर वर्षी दारात येऊन तेच तर मागत होतात.

घ्या. खोडली.

खाली अंडं राहिलेलं नाही.